रेषेला आलेला बाक

४ सप्टेंबर

प्रिय वन्संबाई,

अशी हाक मारली की तुझ्या नाकाच्या शेंड्यावर राग येतो, म्हणून मुद्दाम. ह्या खोक्यात फोमच्या थरांखाली काचेची एक नळी आहे. तिच्यातल्या काळपट पुडीत माझा अख्खा उन्हाळा गेला आहे, तेव्हा तुझ्या नेहमीच्या पद्धतीने खोकं दातांनी फाडू नकोस.

नळी दोन्ही टोकांना वितळवून बंद केली आहे. दमट हवा जराशी जरी आत गेली तरी आपलं कार्बाइड बिघडायला लागतं आणि त्याला कुजक्या लसणासारखा वास सुटतो. जूनमध्ये हवाबंद पेटीला जोडलेल्या हातमोज्याला भोक पडल्याचं मला त्या वासानेच कळलं. ती गोळी फेकून दिली. ही त्यानंतरची. धातूची पूड आणि कार्बन एकत्र खलून, मोठ्या प्रेसमध्ये दाबून, दाबाखालीच तापवलं. दाब उतरवताना धीर धरला नाही की गोळीचे तुकडे होतात, म्हणून प्रेसजवळ स्टूल घेऊन बसले होते. कार्बन तू पाठवलेला, तेरा वजनाचाच घातला आहे. साधा, बारा वजनाचा कार्बन तुझ्या चुंबकाला दादच देत नाही, हे लक्षात आहे.

परवा जेवताना तुझ्या दादाने विचारलं, "एवढ्याशा पुडीचं ती करणार काय?"

मी म्हटलं, "चुंबकात ठेवली की त्या कार्बनचे अणुगर्भ एका दिशेला तोंड करून उभे राहतात. रेडिओलहरींची टिचकी मारली की कलंडतात. परत सरळ व्हायला किती वेळ लागतो, ते ती मोजते."

"सरळ कोण करतं त्यांना?"

"धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन. पण धातू फार थंड होऊन अतिसंवाहक झाला की इलेक्ट्रॉन जोड्या करून बसतात. जोडी फोडायला निदान अमुक एक ऊर्जा लागते, तिला गॅप म्हणतात. थंडी वाढली की तेवढी ऊर्जा मिळत नाही, कुणी जागचं उठत नाही आणि अणुगर्भ बिचारे कलंडलेलेच राहतात. किती वेळ राहतात त्यावरून ती गॅप केवढी ते काढायचं."

तुझ्या दादाने घास गिळला. म्हणाला, "म्हणजे लग्न झाल्यावर माणूस दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही, हे शोधायला तुम्हाला पगार मिळतो."

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्याने असं बोलावं! असो. पोचल्याचं कळव.

वहिनी


१९ सप्टेंबर

वहिनी,

दादाला सांग, त्याचं वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलंय आणि आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम रोज ते वाचून हसतात.

नळी सुखरूप आली. खोकं सुरीने उघडलं, अगदी शहाण्यासारखं. पूड चुंबकात गेली आणि पहिल्याच दिवशी इतका स्वच्छ संकेत आला की मी खुर्चीतून उठून मॅडमना हाताला धरून ओढत आणलं. असा नमुना आमच्याकडे आजवर आलेला नाही.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने गेल्या वर्षी हेच कार्बाइड मोजून 'एकच गॅप' असं छापून टाकलंय, हे तुला माहीत आहे. आलेख ठरावीक रीतीने मांडला की एकाच गॅपची सरळ रेषा येते. त्यांची आली. आमचीही आली. पण ते जिथे थांबले त्याच्या थोडं पुढे, अगदी थंडीतले माझे शेवटचे दोन ठिपके रेषेवरून उठलेत. म्हणजे अणुगर्भ अपेक्षेपेक्षा लवकर सरळ होताहेत. म्हणजे कुठेतरी स्वस्तात फुटणाऱ्या जोड्याही आहेत. वहिनी, दोन गॅप असतील! एक मोठी, एक छोटी!

दोन ठिपक्यांवर कुणी विश्वास ठेवणार नाही. आणखी खालच्या तापमानाला जायचं तर भरपूर द्रव हीलियम लागेल. सध्या सगळीकडे त्याचा तुटवडा आहे, पण आमच्या टाकीत साठा आहे आणि ऑक्टोबरच्या मध्यावर चुंबकावर माझा नंबर आहे.

तुझा करार मार्चपर्यंत आहे ना? त्याआधी लेख गेला पाहिजे. मुलांपायी बारा वर्षं घरी राहिलेल्या बाईला परत घेताना तुझ्या साहेबांनी जे तोंड केलं होतं, ते मी विसरलेले नाही. हा लेख त्यांच्या टेबलावर मीच नेऊन ठेवणार.

तुझी लाडकी (आणि एकुलती एक) नणंद


२ ऑक्टोबर

प्रिय वन्संबाई,

पत्र दोनदा वाचलं. एकदा आनंदाने आणि एकदा शंकेने. शंकेचं लिहिते.

ते दोन ठिपके माझ्या पुडीतल्या मळामुळेही उठू शकतात. धातूच्या पुडीबरोबर भलतंसलतं काही चुंबकीय आत गेलं असेल तर तेही अणुगर्भांना सरळ करणार, आणि तुला वाटणार छोटी गॅप सापडली. पहिला संशय माझ्यावर घे. मला राग येणार नाही.

म्हणून मी दुसरी नळी करते आहे. धातू वेगळ्या बाटलीतला, खल नवा, सगळं पहिल्यापासून. मळामुळे आलेला बाक दोन नळ्यांत दोन तऱ्हेचा असेल. धातूचा स्वतःचा असेल तर दोन्हींत तोच. तोवर कुणाला काही सांगू नकोस. तुझ्या पोटात काही राहत नाही, म्हणून बजावते.

कराराचं मी बघते. त्याचा विचार करून मोजमापात घाई केलीस तर मात्र खरंच राग येईल.

वहिनी


२८ ऑक्टोबर

वहिनी,

उशीर झाला, माफ कर. इकडे काम थोडं थांबलंय. एक पंप बिघडलाय, दुरुस्तीला गेलाय, कधी येईल सांगता येत नाही. नळी नीट आहे, काळजी करू नकोस.

बाकी ठीक. गारठा वाढलाय. नवे बूट घेतले, ते चावतात. दादाचा खोकला कसा आहे?

तुझी नणंद


९ नोव्हेंबर

प्रिय,

तू मला चार ओळींचं पत्र लिहिलंस आणि त्यातली एक बुटांवर. तू शाळेत असताना मी ह्या घरात आले. तुझी गणितं घेतली आहेत. उत्तर चुकलं की तू वहीच्या कोपऱ्यात फुलं काढायचीस.

पंप बिघडलेला नाही, हो ना? माझी पूड वाईट निघाली आहे आणि मला वाईट वाटेल म्हणून तू सांगत नाहीस.

मी उरलेल्या चिमूटभर पुडीचा पुन्हा एक्स-रे काढला. आलेखात धातूशी न जुळलेल्या कार्बनचा एक बारीक उंचवटा आहे. उन्हाळ्यात तो मला दिसला नव्हता. तुला असंच काही सापडलं असेल तर स्पष्ट लिही. चुकीचा नमुना मला चालतो, अर्धवट उत्तर चालत नाही.

दुसरी नळी ह्या खोक्यात आहे. हिच्यात तो उंचवटा नाही. चार वेळा पाहिलं.

वहिनी


१५ नोव्हेंबर

पिंट्या,

मी पत्र लिहितोय म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलंय असं समज. मी आयुष्यात पावत्या सोडून काही लिहिलेलं नाही.

तुझी वहिनी तीन दिवस नीट जेवलेली नाही. तू काय लिहिलंस ते ती सांगत नाही. विचारलं तर म्हणते, "नमुना बिघडला." नमुना बिघडला तर दुसरा कर, म्हटलं. तर माझ्याकडे अशी बघते जणू मीच बिघडवला.

आता तुला न सांगण्याची शपथ घातलेली गोष्ट सांगतो. तिचा करार मार्चला नाही, डिसेंबरअखेर संपतोय. पुढे नाही, असं साहेबांनी सप्टेंबरातच सांगितलं. तुझी पहिली चिठ्ठी आली त्याच आठवड्यात. म्हणाली, "तिला कळलं तर ती घाई करेल आणि घाईत घेतलेले आकडे कुणाच्याच कामाचे नाहीत." दर शनिवारी दुकानात येऊन भिंगं घासायला शिकते आहे. हात इतका चांगला आहे की मला धास्ती वाटते, गिऱ्हाइकं तिलाच मागतील.

तुम्ही दोघी काय लपवाछपवी खेळताय मला ठाऊक नाही. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण तुझं पत्र मी पाहिलं. तुला माझ्या खोकल्याची चौकशी करायची सवय नाही. खरं काय असेल ते तिला लिही.

खोकला बरा आहे.

दादा


२२ नोव्हेंबर

वहिनी,

पंप बिघडला नव्हता. आणि तुझी पूडही बिघडलेली नाही. आधी हे वाच, मग एक कप चहा कर, मग पुढचं वाच.

ऑक्टोबरात माझा नंबर लागायचा त्या सकाळी तुझी नळी चुंबकात उतरवून मी तयार होते. खालून फोन आला, दवाखान्यातून कुणी भेटायला आलंय. मधल्या वयाच्या एक बाई होत्या, एमआरआय विभाग सांभाळणाऱ्या. गळ्यात ओळखपत्र तसंच, बाहेर एवढा गारठा आणि अंगात स्वेटरही नाही.

"तुमच्याकडे द्रव हीलियम आहे असं कळलं," त्या म्हणाल्या.

"आहे. पण ते आजच लागणार आहे."

"आमच्या मशीनचा थंड ठेवणारा भाग बंद पडलाय. नवा यायला तीन आठवडे. तोवर आतलं हीलियम उडून चाललंय आणि पुरवठादार नाही म्हणतो. पातळी आणखी उतरली की चुंबक आतून तापेल आणि उरलंसुरलं सगळं छपरावरच्या नळीतून बाहेर जाईल. मग ह्या तुटवड्यात मशीन वसंतापर्यंत बंद."

"जवळ दुसरं मशीन नाही?"

"चार तासांवर. डोक्याला मार लागलेल्या माणसाला मी चार तास गाडीत कशी घालू?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "नंबर तुझा आहे. मी काही सांगणार नाही. तू ठरव."

मी म्हटलं, पाच मिनिटं द्या. आत जाऊन चुंबकापाशी उभी राहिले. खरं सांगते वहिनी, मला रुग्ण दिसले नाहीत. मला तू दिसलीस, प्रेसजवळ स्टुलावर बसलेली. ह्या हीलियमवर तुझा उन्हाळा होता, तुझा करार होता. बाहेर आले तर त्या बाई अजून उभ्याच. खुर्ची दिली होती तरी बसल्या नव्हत्या. मी म्हटलं, "न्या."

दुपारी त्यांची माणसं येऊन टाक्या घेऊन गेली. माझ्याकडे उरलं ते चुंबक जिवंत ठेवण्यापुरतं.

तुला लिहायला बसले आणि हात चालेना. माझं असतं ते मी दिलं असतं आणि वर मिरवलंही असतं. पण मी तुझं दिलं, तुला न विचारता. म्हणून पंप बिघडवला.

दादाने कराराचं सांगितलं. त्याच्यावर चिडू नकोस. आता मला कळतंय की मी जे दिलं त्याची किंमत मला वाटली होती त्याहून जास्त होती. शिव्या द्यायच्या असतील तर मोकळेपणी दे.

तुझी नणंद


३० नोव्हेंबर

प्रिय वन्संबाई,

चहा केला, पण तो तसाच निवला.

तू दिलंस ते बरोबर केलंस. हे आधी लिहिते, कारण पुढे मी रागावणार आहे.

तू मला विचारलं असतंस तर मी काय म्हटलं असतं, ह्याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. मी लगेच हो म्हटलं नसतं. आधी म्हटलं असतं, थोडं आपल्यापुरतं ठेव. मग म्हटलं असतं, मॅडमनाच ठरवू दे. संध्याकाळी तुझ्या दादाशी भांडले असते आणि मग फोन करून म्हटलं असतं, दे. तोवर त्या बाई तिथे उभ्या असत्या. तेव्हा विचारलं नाहीस तेच बरं.

राग आहे तो पंपाचा. महिनाभर मी माझ्या हातांकडे बघत होते की कुठे चुकले. बारा वर्षांनी परत आलेल्या माणसाला स्वतःवर संशय घ्यायला निमित्त लागत नाही, ग. पुन्हा असं करू नकोस.

आणि मी करार लपवला, त्याचा राग तू धर. फिट्टंफाट.

शुक्रवारी साहेबांना सांगितलं की जाण्याआधी प्रेसची सगळी पद्धत लिहून देते. त्यांना वाटलं मी रुसून बोलते आहे. रुसले नव्हते. प्रेस चांगली आहे, तिला कुणीही वेडंवाकडं वापरू नये एवढंच.

हीलियम येईल तेव्हा येईल. दोन्ही नळ्या अंधारात, उभ्या ठेव. त्या कुठे पळून जात नाहीत.

वहिनी


१८ फेब्रुवारी

वहिनी!

पुरवठा सुरू झाला. दवाखान्याने आपला वाटा येताच आमच्या टाक्या भरून परत पाठवल्या. त्या बाई स्वतः आल्या होत्या, ह्या वेळी स्वेटर घालून, आणि मशीन एक दिवसही बंद पडलं नाही असं सांगून गेल्या. त्यांना तुझ्या नळ्या दाखवल्या. एक हातात धरून म्हणाल्या, "आमच्यासाठी ह्यांचं काम थांबवलंत?" आणि दोन्ही हातांनी जपून परत दिली.

दुसऱ्या दिवशी पहिली नळी उतरवली. खाली, आणखी खाली, गेल्या वेळी थांबले होते त्याच्याही बऱ्याच खाली. तिथे अणुगर्भ इतके सावकाश सरळ होतात की एकेका ठिपक्याला अर्धा दिवस जातो. मी स्वेटर विणायला घेतला. तो फार वाईट झालाय, दादाला पाठवते. मग दुसरी नळी. मॅडम रोज येऊन फक्त "हं?" विचारायच्या आणि मी "अजून नाही" म्हणायचे.

मंगळवारी दुपारी दोन्ही आलेख छापले आणि एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. बाहेर चांगलं ऊन होतं. वहिनी, दोन रेषा नव्हत्याच. एकच दिसत होती. वरून सरळ उतरते, मग एका जागी बाक घेते आणि तिथून पुढे दुसऱ्या, कमी उताराने पुन्हा सरळ जाते. बाक मळामुळे असता तर रेषा पुढे नुसती आडवी पडली असती. न जुळलेला कार्बन पहिल्या नळीत होता, दुसरीत नव्हता, त्याने केसभरही फरक पडला नाही. दोन गॅप. धातूच्या स्वतःच्या.

मॅडमनी आलेख त्या दुसऱ्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना पाठवला. मी म्हटलं, आता भांडण होणार. तर तिसऱ्या दिवशी उत्तर: "आम्ही लवकर थांबलो. नमुना कुणी केला? आम्हाला मिळेल का?" मॅडमनी ते उत्तर तसंच तुझ्या साहेबांकडे पाठवलंय. मी नाही हं, मॅडमनी. मी फक्त पत्ता दिला.

लेखाचा कच्चा खर्डा सोबत आहे. नमुन्याचा भाग तू तपास. पहिलं नाव तुझं आहे, त्यावर वाद नको, मॅडमचाही हाच आग्रह आहे. फक्त नाव कसं लिहायचं ते कळव.

तुझी नणंद


५ मार्च

प्रिय वन्संबाई,

तुझं पत्र दुकानात मिळालं. समोर एक आजोबा चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला बसले होते. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, म्हणाले, "माझं काही अडलेलं नाही, तुम्ही आधी ते संपवा." मी संपवलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. त्यांची दांडी तुझ्या दादाने घट्ट केली आणि पैसे घ्यायचे विसरला.

तुझा स्वेटर तो घालतो. एक बाही दुसरीपेक्षा लांब आहे. गिऱ्हाइकांना तो सांगतो की ही नवी पद्धत आहे.

सोमवारी साहेबांचा फोन आला.

"त्या लोकांना तुमचा नमुना हवाय. तुम्ही लिहून दिलेल्या पद्धतीने आम्ही करून पाहिला. गोळी फुटते. येऊन करून द्याल का?"

"कोण म्हणून येऊ?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे पाहुणी म्हणून चहाला येईन. प्रेस चालवायला करार लागतो."

इकडे तुझा दादा भिंग हातात धरून कान देऊन उभा. साहेब म्हणाले, विचारून सांगतो. काल कागद आला. तीन वर्षांचा. सही करण्याआधी तारखा तीनदा वाचल्या, हे फक्त तुला सांगते. शनिवारी मात्र दुकानात येणार, असं मी तुझ्या दादाला कबूल केलं आहे. भिंग घासायला मला आवडायला लागलं आहे.

खर्डा तपासला. एकच वाक्य घातलं आहे: पहिल्या नळीत थोडा न जुळलेला कार्बन होता. ते काढू नकोस. तो असूनही रेषा तशीच आली, ह्यातच तर सगळी गंमत आहे.

आता नावाचं. दोन दिवस विचार केला. माझं माहेरचं नाव टाक. तुझ्या दादाला विचारलं. तो म्हणाला, "माझ्या दुकानावर माझं नाव आहे ना? मग तुझ्या कामावर तुझं." लग्नाआधीचे माझे दोन लेख त्याच नावाने आहेत, कुणी शोधलं तर तिन्ही एका जागी सापडतील. दुसऱ्याच्या आणि तिसऱ्याच्या मधली बरीच वर्षं रिकामी दिसतील.

दिसू देत.

वहिनी